गार्डमामांचं शेपूट

आमचे गार्डमामा कुठल्याही वाहनात तोंड मागे करूनच बसतात. एसटीत तशी सोय नाही, म्हणून ते एसटीने जात नाहीत. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या रिक्षात मागच्या फळीवर, रस्त्याकडे तोंड करून, ही त्यांची कायमची जागा. एकदा पुतण्याच्या मोटारसायकलवर पुतण्याच्या पाठीला पाठ लावून ते केडगाव स्टेशनपासून चौफुल्यापर्यंत गेले. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला वाटलं, म्हातारा आपल्यालाच काही सांगतोय. मामाही कुणाला निराश करत नव्हते. प्रत्येकाला हात वर करून रामराम घालत होते. चौफुल्याला पोचल्यावर पुतण्याने विचारलं, "आप्पा, लोक का हसत्यात?" मामा म्हणाले, "फुडं बघून बसलेल्या माणसाला मागचं काय कळणार?"

मामांचं खरं नाव रंगनाथ शेंडगे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. ड्यूटी दौंडला, घर केडगावला, आमच्या भिंतीला भिंत लावून. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात, मागे पळणारे रूळ बघत काढली. रिटायर झाले तेव्हा रेल्वेने डबा परत घेतला, पण मामा काही त्याच्यातून उतरले नाहीत. हिरवी झेंडी आणि लाल झेंडी अजून त्यांच्या बगलेत असते. गल्लीत कुणी गाडी मागे घेत असलं की मामा लाल झेंडी घेऊन हजर. लग्नघरी शेवटच्या पंगतीत, तेही शेवटच्या पाटावर बसणार. "सगळी जेवली का न्हाई ते शेवटच्यालाच दिसतं," असं त्यांचं म्हणणं.

मी मंदा. केडगावात माझं गाद्यांचं दुकान आहे. जुनी लुगडी गोळा करून गोधड्या शिवण्यापासून मी सुरुवात केली, आज माझी स्वतःची जीप आहे आणि ती मी स्वतः चालवते. आमचे हे मशिनवर बसून गाद्या शिवतात आणि फारसं बोलत नाहीत. बोलण्याचं खातं माझ्याकडे. शिरूरच्या आठवडी बाजारात माझी जागा ठरलेली आहे. कारखान्यांत कामाला येणारी परराज्यातली मंडळी खोली घेतली की आधी गादी घेतात, आणि माझ्याशी भाव करून त्यांतला कुणी जिंकून गेलेला नाही. भाव करताना मी मालाची तारीफ ऐकून घेत नाही आणि दुसऱ्याच्या मालाची तारीफ करत नाही. कापूसवाल्यापासून वेल्डरपर्यंत सगळ्यांच्या कामात खोट काढूनच मी इथवर आले. या बाबतीत मला फक्त एका माणसाने गुंडाळलं, आणि त्याच्याबद्दलच मी हे लिहायला बसले आहे.

झालं असं की जीपमागे ओढायला मी एक दोनचाकी बंद ट्रॉली करून घेतली. गाद्या वजनाला हलक्या पण जागा फार खातात, म्हणून ट्रॉली उंच केली. चौफुल्याच्या वेल्डरला मी असा पिळला की बिचारा शेवटी म्हणाला, "ताई, आता मला त्या ट्रॉलीतच घालून न्या." ट्रॉली झाली अगदी चौकोनी. उभं केलेलं कपाटच म्हणा ना. पहिल्याच फेरीत पारगावच्या पुलावर भीमेवरून समोरचा वारा आला आणि जीप रडायला लागली. तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मला मागे टाकून गेले, आणि एका ड्रायव्हरने तर मला "ढकलू का?" असं विचारलं. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत आले तर मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी ट्रॉलीला एक चक्कर मारली, मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मंदे, तू गाद्या न्हाई, वारा घेऊन चाललीस शिरूरला."

"वारा समोर आहे मामा. समोरून मारतो."

"समोरचा मारतोय एक येळ. मागचा धरून ठिवतोय."

मागचा वारा धरतो, ही मामांची जुनी श्रद्धा. त्यांचा पुरावा साधा होता. पुढच्या वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, कोळसा भरलेला. गाडी पळते पुढे. मग कोळशाची धूळ मागे उडून जायला हवी. पण ती डब्याच्या मागून वळून, उलटी येऊन, गार्डाच्याच तोंडावर बसायची. "का?" मामा बोट नाचवत विचारत. "डब्याच्या मागं पोकळी व्हती म्हून. त्या पोकळीत वारा गरगर फिरतो आन् डब्याला मागं वडतो. मला धा वर्सं इंजनाच्या डायव्हरला हे सांगायचं व्हतं. पर त्यो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला."

मला वाटलं, सांगून झालं, आता म्हातारा गप्प बसेल. दुसऱ्या बाजारी पहाटे बघते तर मामा जीपमध्ये, मागच्या सीटवर, तोंड ट्रॉलीकडे करून बसलेले. ती जागा माझ्या उशांची. पोत्यात भरून मी तिथे उशांचा ढीग लावते, आणि उशा हा गादीपेक्षा पटकन जाणारा माल आहे.

"मामा, उतरा. तिथं उशा बसतात."

"ट्रायल हाय."

"कसली?"

"वाऱ्याची."

मी खूप भांडले. आमचे हे बाहेर येऊन बघून आत गेले. शेवटी उजाडायला लागलं, बाजाराची वेळ जायला नको म्हणून मी सौदा केला. "ट्रायल चालू आहे तोवर सीट तुमची. ट्रॉलीचं काम झालं की सीट उशांची. मंजूर?"

"मंजूर," मामा म्हणाले आणि जीपच्या मागून हिरवी झेंडी बाहेर काढली.

कुठल्याही सौद्यात मुदत ठरवून घ्यावी, हे मी नव्या पोरींना शिकवते. त्या दिवशी मीच ती ठरवली नाही.

मामांनी आधी वारा बघायचा ठरवला. त्यासाठी कवठे येमाईच्या पाहुण्यांकडून मेंढीची लोकर आणली. तिचे वीतभर लांबीचे झुपके करून ट्रॉलीला चिकटपट्टीने चिकटवले. पुढे, बाजूला, टपाच्या कडेला. कल्पना अशी की झुपका सरळ उडाला तर वारा सरळ जातो, आणि झुपका थयथयाट करायला लागला तर तिथे वारा बिघडला. माझं कपाट केसाळ झालं. मी म्हटलं, "मामा, लोक मला बाजारात उभं राहू देणार नाहीत." मामा म्हणाले, "गार्डाच्या डब्याकडं कोण बघत न्हाई."

बघितलं. न्हावऱ्याला चहाला थांबलो, तर कपाळभर कुंकू लावलेली एक म्हातारी ट्रॉलीसमोर येऊन हात जोडून उभी राहिली. मेंढीची लोकर लावलेली गाडी, आत मागे बसलेला फेटेवाला म्हातारा, हातात हिरवं निशाण. तिने आपल्या मनाशी सगळं जुळवलं.

"कुठल्या देवाची गाडी, बाय?"

"देवाची नाही आजी. गाद्या आहेत आत."

"असू दे. देवाला बी लागत्यात," ती म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडून मूठभर भंडारा ट्रॉलीच्या तोंडावर उधळला. तिचं बघून दुसरी आली. मग चहावाल्याने स्वतः भंडारा आणला. एकाने चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ओरडत होते, पण भक्ताला ओरडून काही उपयोग नसतो. मामा आतून शांतपणे सगळ्यांच्या नमस्काराला नमस्कार करत होते. त्यांना मी म्हटलं, "सांगा ना त्यांना!" ते म्हणाले, "देव न्हाई म्हून सांगू? आन् आसला तर?"

शिरूरला पोचून मी ट्रॉलीच्या मागे गेले आणि थबकले. ज्या तोंडावर भंडारा टाकला होता ते तोंड स्वच्छ. मागचं दार, ज्याला कुणी हात लावला नव्हता, ते पिवळंजर्द. आणि नुसतं पिवळं नाही. दोन मोठी वेटोळी उठली होती, कुणी हाताने घोटल्यासारखी. मामा उतरले, त्यांनी ते पाहिलं आणि बाजारातल्या मातीत चक्क मांडी घालून दारासमोर बसले.

"बघ मंदे. टाकला फुडं, गेला मागं. आन् मागं जाऊन उलटा फिरून दाराला बसला. ह्योच त्यो. जलमभर माझ्या तोंडावर धूळ मारली ह्यानं. आज घावला."

दाराच्या फटीतून आत गेलेल्या भंडाऱ्याने दोन गाद्याही पिवळ्या केल्या होत्या. त्या मी एका नव्या जोडप्याला शुभ म्हणून विकल्या. मामांचं ठीक आहे, पण मला माझा धंदा आहे.

आणि त्या धंद्यात हा माणूस कसा पाय घालायचा ते सांगते. गिऱ्हाईक भाव ऐकून निघून जातं, तेव्हा त्याला जाऊ द्यायचं असतं. ते दोन दुकानं बघतं, थांबतं, मागे बघतं. आपण पाठ करून चादरीची घडी घालत राहायचं. मग ते आपल्या पायांनी परत येतं आणि आपल्या भावाने घेतं. ही सगळी विद्या मी स्वतःच्या अकलेने मिळवलेली. त्या दिवशी एक तरुण असाच निघाला. मी पाठ केली. मामांना वाटलं गिऱ्हाईक गेलं. त्यांनी भर बाजारात लाल झेंडी उलगडून अशी हलवली, की तो तरुण तर थांबलाच, त्याच्यामागचा केळीचा हातगाडाही थांबला.

"आओ भैया, वापस आओ," मामा रेल्वेच्या हिंदीत ओरडले.

तो आला. त्याने मामांना विचारलं, "चाचा, कम करेगी क्या?"

"करेगी ना. रोज करती है."

गादी गेली, आणि माझ्या भावात न जाता त्याच्या भावात गेली. जीपमध्ये बसल्यावर मी मामांना सोडलं नाही. मामा मागच्या मागे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "त्यानं इचारलं, मी सांगितलं. गार्ड खोटा रिपोट देत न्हाई."

हे वाक्य मी मनात गाठ मारून ठेवलं. पुढे कामाला आलं.

आता मामांनी काम हातात घेतलं. ट्रॉलीच्या पुढच्या वरच्या कडेला पाण्याचं निळं पिंप उभं चिरून त्याचा अर्धा भाग लावला. चौकोनी कपाळ गोल झालं. मग मागचं शेपूट. बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा केला, मागे निमुळता होत जाणारा, आणि त्याच्यावर ताडपत्री. ताडपत्री शिवायला मशिन लागणार. मी देणार नव्हते. दुपारी जेवून उठले तर आमचे हे, जे मला दोन शब्द बोलायला चार दिवस लावतात, मशिनवर बसून शेपूट शिवत होते. मामा शेजारी उभं राहून सांगत होते आणि दोघं हसत होते. शेपूट बाजूला वळवून दार उघडता यायचं, हे मी कबूल करते. पण दिसायचं कसं? केडगावातली पोरंसोरं "मासा आला, मासा आला" म्हणून मागे धावायची. शिरूरच्या बाजारात माझं नाव मासेवाली पडलं. मी गाद्या विकते.

शेपटाचा गुण मोजायची मामांची पद्धत होती. पारगावच्या पुलाआधी उतार आहे. त्या उताराच्या डोक्यावर, ठरलेल्या वेगाला, मी गाडी न्यूट्रल करायची. मग ब्रेक न लावता ती आपली आपण जाऊन जिथे थांबेल तिथे मामा उतरून तंबाखूच्या डबीतला चुना रस्त्याच्या कडेला लावायचे. वारा कमी धरेल तितकी गाडी लांब जाईल. मागे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारतायत, कुणी आईबाप काढतंय, आणि मामा मागे बघत त्यांना लाल झेंडी दाखवून थोपवतायत, असा तो सोहळा. काहीच न लावलेल्या कपाटाची खूण बाभळीजवळ होती. पिंप लावल्यावर गाडी रसवंतीपर्यंत गेली.

शेपूट लावलं त्या दिवशी ती रसवंतीवरून निघून गेली. रसवंतीवाला ग्लास हातात धरून बघत राहिला. जीप आवाज न करता, पाण्यात सोडल्यासारखी, सरकत सरकत थेट पुलाच्या कठड्यापाशी जाऊन थांबली. मी स्वतः खोट काढणारी बाई, पण माझ्या तोंडून "वा" निघालं.

मामा उतरले. चुना लावायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. कठड्याच्या दगडावर बारीक रेघ ओढली, बोट धोतराला पुसलं आणि जागेवर येऊन बसले. आनंदाने झेंड्या नाचवतील असं मला वाटलं होतं.

"झालं म्हणायचं तुझं काम," ते म्हणाले.

न्हावरं मागे पडलं. मग मागच्या मागे, रस्त्याशी बोलल्यासारखे म्हणाले, "आमची मालगाडी केडगावला थांबत नसायची, मंदे. तुझी मामी फाटकापाशी येऊन हुबी ऱ्हायची. सगळी गाडी निघून जायची, तवा कुठं माझा डबा यायचा. मी हिरवी दावायचो. ती पदर हालवायची. फुडं तोंड करून बसलेल्याला माणूस एकदाच दिसतं. मागं तोंड असलं का लई लांबपतुर दिसतं." झेंडी गुंडाळत म्हणाले, "मग पार दौंडापतुर बोलाया कोण न्हाई."

मामी जाऊन आता बरेच दिवस झाले. त्यांचा मुलगा गुजरातेत असतो, फोन करतो. समोर उसाची ट्रॉली आली आणि मी हॉर्न मारला.

सौद्याप्रमाणे पुढच्या बाजारी सीट उशांची होती. पण मी पक्का माल बघितल्याशिवाय पावती देत नाही. म्हटलं, एकदा खात्री करू, मग उशा. पुढच्या बाजारी गाडी कठड्यापर्यंत गेलीच नाही. रसवंतीच्या अलीकडे थांबली.

"आडवा वारा हाय आज," मामा म्हणाले.

त्याच्या पुढच्या बाजारी झाडाचं पान हलत नव्हतं. गाडी बाभळीच्या जरा पुढे थांबली.

"लोड जास्त भरलास."

लोड कमी भरून बघितला. तरी तेच. मामा दर वेळी उत्साहाने नवीन काहीतरी सांगायचे. शेपटाचं टोक बोथट करू. टपाची कड वळवू. खालून झालर लावू. मागे तोंड करून अखंड बोलायचे. फाटकवाले, सिग्नलवाले, दौंडच्या कॅन्टीनमधला भांडखोर आचारी, सगळे माझ्या जीपमध्ये बसून शिरूरला यायचे. इकडे बाजारात उशा मागणारी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जात होती. शेवटी माझं डोकं फिरलं. मी मामांना स्पष्ट सांगितलं, "हा बाजार शेवटचा. आज कठड्यापर्यंत गेली नाही, तर शेपूट काढून घरच्या कोंबड्यांना देईन. सीट उशांची. तुमची ट्रायल बंद."

मामा "बरं" म्हणाले. एवढंच.

उतारावर मी न्यूट्रल केलं. जीप बाभळीशी थांबली. मामा उतरून चुना लावायला गेले. मी तावातावाने उतरले, शेपूट तिथेच उपटायचं म्हणून ट्रॉलीखाली वाकले, कारण त्याचे खिळे खालून होते.

खाली फळी होती. ट्रॉलीच्या पोटाला आडवी, वाऱ्याला बरोबर छाती देऊन, सुतळीने बांधलेली. दुकानात गाद्यांच्या थप्पीखाली घालतात तशी नवी फळी, कुणाला बाहेरून दिसू नये इतक्या मागे. सुतळी माझ्याच दुकानातली होती. मामांनी गाठ मारली होती ती धोतराची मारतात तशी, आणि ती सैल होऊन निम्मी सुटली होती. पुलावरच्या वाऱ्याने ती फळी नक्की पडली असती.

जलमभर खोटा रिपोट न देणारा माणूस. माझ्या गिऱ्हाइकाला भर बाजारात खरं सांगणारा माणूस. महिनाभर बाजारामागून बाजार तो मला खोटा रिपोट देत होता, तेही चुना लावून, खूण करून. तोंडात काय काय आलं सांगू. लाल झेंडीचा सगळा हिशोब आज चुकता करायचा, असं ठरवून मी मान वर काढली.

मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. चुन्याची डबी हातात, पण रेघ अजून ओढली नव्हती. ते माझ्याकडे बघत नव्हते. केडगावच्या बाजूला, ज्या रस्त्याने आलो त्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

मी परत खाली वाकले. गादीवाल्यांची एक गाठ असते. गादी कितीही लोळवली, पोरांनी तिच्यावर कितीही उड्या मारल्या, तरी ती सुटत नाही. कापूस हलू नये म्हणून मारतात. मी त्यांची धोतराची गाठ सोडली, फळी सरळ बसवली, सुतळी दोनदा फिरवून आवळली आणि ती गाठ मारली. पदराला लागलेली माती झटकली आणि वर आले.

मामा येऊन उभे राहिले होते. हातात हिरवी झेंडी गुंडाळलेली.

"तुझ्या उशा," ते म्हणाले. "न्हाई गेली कठड्यापतुर."

"कशी जाईल? कामच कच्चं आहे तुमचं," मी म्हटलं. "शेपूट वाकडं. पिंप तिरकं. मागं अजून ओढतीय, मला हाताला कळतंय. असं अर्धवट काम मी वेल्डरचं सोडत नाही, तुमचं सोडेन? पक्कं होईपर्यंत दर बाजारी यायचं. खाडा केलेला चालणार नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आन् उशा?"

"टपावर बांधीन."

"टपावर?" त्यांचे डोळे एकदम बदलले. "टपावर लई वारा धरत्यात, मंदे. त्येची येगळी ट्रायल घ्यावी लागंल."

पुढच्या बाजारी पहाटे टपावर उशांची पोती, मागे शेपूट, पुढे निळं कपाळ, असा माझा संसार दुकानासमोर उभा होता. इतका वाईट दिसणारा माल मी स्वतः कुणाकडून घेतला नसता. मामांची निघण्याआधीची तपासणी चालू होती. चाकं, दार, कडी. मग ते वाकून ट्रॉलीखाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी इंजिन चालू करून समोर बघत बसले. मला घाई होती, तरी हॉर्न मारला नाही.

शेवटी ते वर येऊन आपल्या जागी बसले. माझ्या सीटच्या पाठीला त्यांची पाठ टेकली.

"काय मामा, सगळं ठीक?"

"गाठी पक्क्या हायत," ते म्हणाले. "पर काम लई बाकी हाय."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं आणि गिअर टाकला. आरशात हिरवी झेंडी हलत होती आणि दुकानाच्या दारात आमचे हे उभे होते. वळणापर्यंत मामा त्यांना झेंडी दाखवत राहिले.

उशांचा खप अजून कमीच आहे. टपावरच्या उशांना धूळ लागते. हे मी विसरलेली नाही, आणि मामांना दर बाजारी ऐकवते. त्यांना जाताना दोन तास आणि येताना दोन तास तेवढं ऐकायलाच लागतं.